आवाज बसला तेव्हा: स्वरयंत्राचा कॅन्सर, शेक की लेझर?

बाबांचा आवाज दिवाळीत बसला तो होळीपर्यंत बसलेलाच. लातूरच्या अडतीत सौदा काढणारा माणूस, ओरडून घसा धरला असेल असं आम्ही म्हणालो, डॉक्टरही तेच म्हणाले. चार महिने हळद-दूध, गुळण्या, अँटिबायोटिकचे तीन कोर्स. घशात दुर्बीण घालून कुणी पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा स्वरतंतूवर कणीएवढी पांढरट गाठ होती. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला, पहिली स्टेज. स्वरतंतूवर जरासं काही उगवलं तरी आवाज बदलतो, म्हणून हा कॅन्सर लवकर सापडू शकतो. आमचे चार महिने वाया गेले, ते अजून टोचतं. तीन आठवड्यांच्या वर आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं बघून घ्याच.

पुढं शेक, म्हणजे रेडिएशन, की लेझरनं गाठ काढणं? पहिल्या स्टेजला दोन्हींनी दहातले साधारण नऊजण बरे होतात, असं दोन्हीकडून सांगितलं. मग ठरवायचं कशावर? ज्यांनी यातलं काही सोसलंय त्यांनी लिहा. आमचं आधी सांगतो.

बाबांनी संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात शेक घेतले. २८ शेक, सोमवार ते शुक्रवार, शनिवार-रविवार सुट्टी. आधी गरम पाण्यात मऊ केलेली पांढरी जाळी चेहऱ्यावरून गळ्यापर्यंत ओढून बसवली. ती गार होऊन कडक झाली, की तोच मुखवटा. रोज तो टेबलाला अडकवायचे, मान तसूभर हलत नसे. शेक काही मिनिटांचाच, तेव्हा दुखत नाही. पण तिसऱ्या आठवड्यात थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायला लागलं. भाकरी सुटली. ज्वारीची आंबील आणि पातळ खिचडी, तीही कोमट. गळ्याची कातडी काळवंडली. आवाज आधी पारच गेला, शेक संपल्यावर दोन-अडीच महिन्यांनी परत आला. मुखवटा आम्ही मागून आणला. माळवदाच्या खोलीत खुंटीला आहे, आई त्याच्यावरची धूळ पुसते.

*परभणीकडचा शेतकरी:* माझी गाठ एकाच तंतूच्या मधोमध होती. सोयाबीन काढायला आलेलं, सहा आठवडे घर सोडणं जमणार नव्हतं. लेझर केलं. तोंडातूनच नळी घालतात, गळ्यावर कुठं चिरा नाही. दुसऱ्या दिवशी घरी. आठवडाभर बोलायचं नाही, कुजबुजायचं तर अजिबात नाही. पोरीच्या पाटीवर लिहून दिवस काढले. आवाज आता हवा भरल्यासारखा येतो, बांधावरून हाक मारली की पलीकडं पोचत नाही. पण डॉक्टर म्हणाले, परत उगवलं तर लेझर पुन्हा करता येतं, शेकही शिल्लक राहतात. त्याच जागी शेक दुसऱ्यांदा सहसा देता येत नाहीत. मला ते पटलं.

*नांदेडहून, एक पत्नी:* माझ्या मालकांनी शेक चालू असतानाही बिडी सोडली नाही. दवाखान्यात सांगितलं होतं, धूर चालू राहिला तर शेकाचा परिणाम कमी होतो. मी रडले, भांडले. दीड वर्षात परत आलं आणि सगळं स्वरयंत्र काढावं लागलं. आता गळ्यातल्या भोकातून श्वास घेतात, बोलायला गळ्याला मशीन लावतात. महात्मा फुले योजनेत बसलं म्हणून खर्च निभावला. ज्यांच्या घरात आत्ता शेक चालू आहेत त्यांना हात जोडते, बिडी घरातच येऊ देऊ नका.

*बीड जिल्ह्यातला कीर्तनकार:* माझा आजार दोन्ही तंतू पुढं जुळतात त्या कोपऱ्यावर आला होता. तिथं लेझर नीट पोचवणं अवघड आणि आवाजही जास्त बिघडू शकतो, म्हणून शेक. सात महिने गादीवर उभा राहिलो नाही. पहिल्या कीर्तनाला 'सुंदर ते ध्यान' वरच्या पट्टीत निघेना. पेटीवाल्यानं न विचारता दोन सूर उतरवले, टाळकरीही खाली आले. अजून तीच पट्टी. पहिल्या वर्षी दर महिन्याला दुर्बीण, आता तीन महिन्यांनी.

*जालन्याहून:* परळला टाटाला जाणार असाल तर उपचारासाठी जाताना कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ असतं. फॉर्मवर दवाखान्याचा सही-शिक्का लागतो. आम्ही देवगिरीनं जायचो. पाण्याची बाटली उशाशी ठेवा, रात्री घसा सारखा कोरडा पडतो.