बाबांचा मेल हॅक झालाय आणि कॉम्प्युटर पण कासवासारखा चालतोय, आधी काय करू?

नाशिककर_पुण्यात

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज.

माझे बाबा नाशिकला असतात, वय 71, गेली आठ वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. नोटिसा, मेंटेनन्सच्या पावत्या, ऑडिटरशी पत्रव्यवहार, सगळं घरच्या डेस्कटॉपवरून आणि स्वतःच्याच जीमेलवरून चालतं. मागच्या मंगळवारी दुपारी सोसायटीतल्या जवळजवळ सगळ्यांना त्यांच्या नावाने मेल गेला की मी मोठ्या अडचणीत आहे, फोनवर बोलता येत नाही, खालच्या यूपीआयवर पैसे पाठवा, संध्याकाळी देतो. बाबा तेव्हा घरी जेवत होते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी खरं समजून 8 हजार पाठवले सुद्धा. बाबा तेव्हापासून धड जेवत नाहीयेत, माझ्या नावावर लोकांचे पैसे गेले हेच डोक्यात बसलंय.

पासवर्ड त्याच संध्याकाळी बदलला. तरी आता वेगळाच प्रकार, त्यांना मेल येणंच बंद झालंय. ऑडिटर म्हणतो दोनदा पाठवला, इनबॉक्स रिकामा.

आणि कॉम्प्युटर, तो 2016 चा आहे, आय3 सहाव्या पिढीचा, 4 जीबी रॅम, 1 टीबी हार्डडिस्क, विंडोज 10. चालू व्हायला सहा-सात मिनिटं लागतात. उजव्या कोपऱ्यात सारखं लाल रंगात येतं की तुमच्या पीसीत 5 व्हायरस सापडले, इथे क्लिक करा. जवळच्या दुकानदाराने न उघडताच सांगितलं मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या. फॉरमॅट मारू का? का सरळ नवीनच घेऊ? शनिवारी नाशिकला जातोय.

सांडगी_मिरची

फॉरमॅट-बिरमॅट नंतर बघ, आधी मेल. कॉम्प्युटर आठ दिवस बंद राहिला तरी काही बिघडत नाही, पण त्या जीमेलवर बँक, पेन्शन, आधार, विमा सगळं लटकलेलं असणार. ज्याच्या हातात मेल त्याला बाकी ठिकाणचे पासवर्ड 'फर्गॉट' दाबून बदलता येतात.

आणि काकूंना आत्ता लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला सांग, शनिवारपर्यंत थांबू नकोस. पैसे पुढे सरकायच्या आत तक्रार गेली तर बँकेला ते गोठवता येतात, तासा-तासाने शक्यता कमी होत जाते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर पण नोंदवा, व्यवहाराचा नंबर आणि मेलचा स्क्रीनशॉट जोडून.

आता मुख्य गोष्ट. पासवर्ड बदलला तो त्याच डेस्कटॉपवर बदलला ना? मग त्याला अर्थ नाही. त्या मशीनमध्ये पासवर्ड चोरणारं काही बसलं असेल तर कुलूप नवीन आणि किल्ली परत चोराच्याच खिशात. तू तुझ्या लॅपटॉपवरून कर. मोबाईलवरून नको, कारण जीमेलच्या मोबाईल ॲपमध्ये फिल्टर, म्हणजे आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं ते नियम, दिसतच नाहीत आणि गडबड तिथेच असते.

माझ्या मावशीच्या बाबतीत अगदी हेच झालेलं. पासवर्ड तीनदा बदलला तरी मेल गायब, कारण चोराने आत येऊन स्वतःची सोय करून ठेवलेली असते आणि ती सोय पासवर्ड बदलल्याने जात नाही. सेटिंग्जमध्ये 'सी ऑल सेटिंग्ज' उघड. पहिलं 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस', तिथे बाबांनी न केलेलं जे काही असेल ते उडव. मग 'फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप', तिथे कुठला अनोळखी पत्ता आहे का. मग 'अकाउंट्स अँड इम्पोर्ट', इथे दोन गोष्टी बघायच्या, एक म्हणजे 'सेंड मेल ॲज' मध्ये रिप्लाय-टू पत्ता, म्हणजे लोकांचं उत्तर ज्या पत्त्यावर जातं तो, वेगळा टाकलाय का, आणि दुसरं 'ग्रँट ॲक्सेस टू युअर अकाउंट' मध्ये कुणाला परवानगी दिलीये का. हे शेवटचं कुणीच बघत नाही.

इनबॉक्सच्या तळाशी उजवीकडे बारीक अक्षरात 'डिटेल्स' असतं, त्यावर टिचकी मार म्हणजे शेवटी कुठून कुठून उघडलं गेलं ते दिसेल.

मग गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीत जाऊन ओळखीची नसलेली सगळी डिव्हाइस साइन आऊट, अनोळखी ॲप काढून टाक, रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी मेल तपास, मग नवीन पासवर्ड, मग टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं कुलूप. याच क्रमाने. आणि समजा चोराने रिकव्हरी नंबर बदलला असेल तरी घाबरू नकोस, जुन्या नंबरावर कोड पाठवायचा पर्याय गूगल 7 दिवस ठेवू शकतं. मंगळवारी झालंय म्हणतोस, म्हणजे शनिवारची सुद्धा वाट बघू नकोस, आजच बाबांना फोनवर घेऊन बस.

हो, आणि ट्रॅश बघ. तिथे मेल 30 दिवस राहतात.

स्क्रूड्रायव्हर

मिरचीताईंनी मेलचं सगळं सांगितलंय, मी डब्याचं, म्हणजे कॉम्प्युटरचं सांगतो. 14 वर्षं हेच काम करतोय.

मदरबोर्ड गेला असता तर मशीन चालूच झालं नसतं, किंवा मधेच बंद पडलं असतं. सात मिनिटं बूट म्हणजे दहातल्या नऊ वेळा हार्डडिस्क. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये डिस्क बघ, काही न करता 100 टक्क्यांवर चिकटून बसली असेल तर झालं निदान. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर आहे, मूळ साइटवरूनच घे, त्यात पिवळ्या रंगात 'कॉशन' आलं तर त्या क्षणी बाकी सगळं सोडून आधी फोटो आणि सोसायटीचे कागद बाहेरच्या डिस्कवर घे. मरायला टेकलेल्या डिस्कवर स्कॅन, डीफ्रॅग, क्लीनर असलं काही चालवू नकोस, ती जी काय शेवटची धाव घेणार ती तुझे फोटो काढण्यात जाऊ दे. फक्त फोटो आणि कागद घ्यायचे, कुठलाही सेटअप किंवा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालवायचं चोरीचं सॉफ्टवेअर, मागे येऊ द्यायचा नाही.

लाल पॉपअप हा व्हायरस नसतो सहसा. बाबांनी कधीतरी कुठल्या तरी साइटवर 'अलाऊ' दाबलंय आणि ती साइट आता नोटिफिकेशन पाठवतेय. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथली यादी साफ कर. पण त्यांना विचार की त्यावर क्लिक करून काही डाऊनलोड केलंय का, किंवा कुणाशी फोनवर बोलून एनीडेस्कसारखं, लांबून कॉम्प्युटर चालवू देणारं काही टाकलंय का. आणि कुणी पेनड्राइव्हवरून क्रॅक केलेलं काही दिलंय का. हे रागावून विचारू नकोस, रागावलास की खरं कळणार नाही.

आता विंडोज. 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि सहाव्या पिढीवर 11 अधिकृतपणे बसत नाही, आठव्या पिढीपासून पुढे लागतं. पण घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळायची सोय आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक चालू केलं तर पैसेही लागत नाहीत, विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल नाऊ' येतं, फक्त आवृत्ती 22एच2 पाहिजे.

माझं ऐकशील तर हार्डडिस्कऐवजी 240 जीबीची एसएसडी, म्हणजे तिच्यापेक्षा खूप वेगवान डिस्क टाक, रॅम 8 जीबी कर आणि नव्या डिस्कवर कोरं विंडोज टाक, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून, 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर घेऊन. क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नको, क्लोन केलंस की आत जे काही बसलंय ते पण नवीन घरात राहायला येईल. विंडोज मुळात ओरिजिनल असेल तर त्याच बोर्डवर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. रॅम घ्यायच्या आधी जुनी काढून बघ, सहाव्या पिढीच्या बोर्डांवर डीडीआर3 पण सापडते आणि डीडीआर4 पण, एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. ऑक्टोबर 2026 पर्यंत आरामात निघेल, मग पुढे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकायची का नवीन घ्यायचं ते ठरव.

भाकरी_पिठलं

एखादा चांगला पेड अँटीव्हायरस आणि एक पीसी क्लीनर टाकून द्या ना, एवढा खटाटोप कशाला. माझ्याकडे दोन अँटीव्हायरस आहेत, आजवर काही झालं नाही.

स्क्रूड्रायव्हर

दोन नकोत हो. दोघं एकमेकांच्या फाइली तपासत बसतात आणि 4 जीबीचं मशीन गुडघ्यावर येतं. विंडोजमधला डिफेंडर घरच्या वापराला पुरतो, फक्त अपडेट पाहिजे. क्विक हीलसारखं काही आधीच घेतलेलं असेल तर मुदत संपेपर्यंत राहू द्या, ते असताना डिफेंडर आपसूक बाजूला होतो. मुदत संपली की मात्र काढून टाका, संपलेला अँटीव्हायरस तसाच ठेवलेली मशीन्स मी रोज बघतो. आणि क्लीनर तर नकोच, रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करून कुठलाही कॉम्प्युटर पळायला लागलेला मी पाहिला नाही, बिघडलेले पाहिलेत.

नाशिककर_पुण्यात

मंडळी, कालच बाबांना फोनवर घेऊन बसलो, रात्री साडेअकरापर्यंत.

मिरचीताई, फिल्टर होता! एकच ओळ. सगळ्यांकडून येणारा प्रत्येक मेल, इनबॉक्स वगळा, वाचलेला म्हणून खूण करा, डिलीट करा. ट्रॅशमध्ये 64 मेल पडले होते, ऑडिटरचे दोन्ही त्यात, आणि गूगलचा 'नवीन डिव्हाइसवरून साइन इन झालं' हा इशारा सुद्धा तिथेच. आणि रिप्लाय-टू मध्ये बाबांचाच पत्ता दिसत होता, मी पहिल्यांदा ओके म्हणून पुढे गेलो. मग आईने चष्मा लावून वाचला आणि म्हणाली यात एम नाहीये. एमच्या जागी आर आणि एन चिकटून टाकलेले, लांबून अगदी एमच. म्हणजे ज्यांनी "काय झालं हो?" म्हणून उत्तर दिलं त्यांना चोरच उत्तर देत होता.

क्रॅकचं पण निघालं. नोटिसा टाइप करायला मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेलं, त्याला अँटीव्हायरस बंद करून टाका असं सांगितलेलं. मंगळवारच्या आधी पाच दिवस.

काकूंची तक्रार झाली, नंबर मिळालाय, बँकेने रक्कम थांबवल्याचं कळवलंय, परत यायची बाकी आहे.

माजी_खजिनदार

मी बँकेतून निवृत्त, आमच्याही सोसायटीत दहा वर्षं खजिनदार होतो म्हणून दोन शब्द.

वडिलांना सांगा की सोसायटीला वेगळं मेल खातं काढा. त्याला टू-स्टेप लावा आणि बॅकअप कोड छापून घ्या, गूगल एका वेळी 10 देतं, प्रत्येक एकदाच चालतो. तो कागद विम्याच्या फाइलीत. पासवर्ड लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून कपाटात ठेवला तरी चालेल, चोर कपाटात शिरत नाहीत, ते सगळीकडे एकच पासवर्ड वापरण्याचा फायदा घेतात. रिकव्हरीला कुणाचा नंबर आहे तो आज चालू आहे ना ते जरूर बघा. आमच्या एका सभासदाचा जुना नंबर होता, बंद केलेला. बंद नंबर कंपनी 90 दिवसांनंतर दुसऱ्याला देऊ शकते, मग कोड त्या दुसऱ्याला जातो.

आणि सभासदांना मेल न करता कागदावर नोटीस लावा, जिन्यात आणि लिफ्टपाशी, वडिलांच्या सहीची. झालं ते स्पष्ट लिहा, यापुढे पैशाबद्दल काहीही आलं तर आधी दार वाजवा असं लिहा. लोक समजून घेतात. लपवलं की मगच कुजबुज सुरू होते आणि माणूस खचतो. फसवणूक करणाऱ्याने त्यांना वापरलंय, त्यांनी कुणाला फसवलेलं नाही, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या.

सांडगी_मिरची

काकांशी शंभर टक्के सहमत. आणि फॉन्टचं सॉफ्टवेअर लागतंच कशाला आता, विंडोज 10 मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, 2019 च्या मे अपडेटपासून. लँग्वेजमध्ये मराठी ॲड करायचं, कीबोर्ड फोनेटिक निवडायचा, 'namaskar' असं इंग्रजी बटणांनी टाइप केलं की नमस्कार उमटतो. आईला पण शिकव, नजर चांगली आहे त्यांची.

नाशिककर_पुण्यात

रविवार रात्रीचं अपडेट. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळं आलं, कॉशन. 41 जीबी फोटो आणि सोसायटीचे आठ वर्षांचे कागद निघाले, ताईच्या लग्नाचे पण. एसएसडी टाकली, रॅम डीडीआर4 निघाली, 8 केली, 22 सेकंदांत चालू होतंय. बाबांनी स्वतः बसून फोनेटिकवर नोटीस टाइप केली, अर्ध्या पानाला पाऊण तास लागला पण कुणाला हात लावू दिला नाही. सही करून लिफ्टपाशी लावली आणि खाली गेलेच आहेत तर काकूंकडे चहाला थांबलेत.