रतनवाडीला दोन रात्री तंबू, सोबत सायकल: जागा, दव आणि गॅसबद्दल

पायवाट_७: डिसेंबरच्या मध्यावर, शनिवार-रविवार टाळून, दोघांचा बेत आहे. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे घाट चढून घोटी-बारी-शेंडीमार्गे रतनवाडी, सगळं सायकलवर. दोन रात्री तंबूत. एक दिवस रतनगड, एक दिवस भंडारदरा जलाशयाला सायकलने फेरी. तंबू दोन माणसांचा, दुहेरी आवरणाचा. शांत जागा कुठे मिळेल? थंडीत सकाळी तंबू आतून ओला होतो, तो गळतोय का? आणि गॅस किती न्यावा?

कातळ: शांतता हवी तर शेंडी आणि मुरशेतच्या बाजूचे तलावकाठचे तंबू सोडा. रतनवाडीत घराच्या अंगणात किंवा कापणी झालेल्या भातखाचरात जागा मागा. जेवणही त्याच घरी सांगितलं की निम्मं ओझं कमी. जागा ठरवताना एकच प्रश्न विचारायचा: "रात्री स्पीकर लावता का?" उत्तर आडवळणाचं आलं तर पुढचं घर बघा. हे अभयारण्य आहे. नाक्यावर पावती घ्या, आणि गडावर किंवा रानात मुक्काम चालतो का हे तिथेच विचारून घ्या.

खाचरात भाताचे कापलेले खुंट टोकदार असतात, तंबूचा तळ सहज फाटतो. ते पायाने मोडून, वर जाड प्लास्टिक अंथरून मगच तंबू. प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन इंच लहान हवं. बाहेर डोकावलं तर आवरणावरून ओघळलेलं दव थेट तळाखाली जमतं. मातीचा थर पातळ आहे. खुंटी चार बोटं गेली की दगड लागतो, मग ती वाकवत बसू नका. खुंटी आडवी ठेवून दोरी तिला बांधा आणि वर डोक्याएवढा धोंडा.

ओल्याचं म्हणाल तर तंबू बहुधा गळत नाही. सकाळी आतून बोट फिरवून बघा. शिवणीपाशीच थेंब असतील तर गळती. सगळीकडे सारखा पातळ थर असेल तर तुमच्याच श्वासाची वाफ. दोन माणसं रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी श्वासावाटे सोडतात. थंडी वाजते म्हणून झरोके बंद केले की ते पाणी आवरणावर जमतं. दोन्ही झरोके उघडे, बाहेरचं आवरण ताणलेलं, आतल्या जाळीला न टेकणारं. आणि पाण्याच्या अगदी काठावर नको. गार हवा खोलगट भागात साचते. वीस-पंचवीस फूट वर सरकलात तरी फरक पडतो.

दातेरी_चक्र: फेरी साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर: रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत, शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, परत रतनवाडी. याच दिशेने जा. घाटघरचा कोकणकडा सकाळीच होतो, आणि शेंडीचा बाजार अर्ध्याहून जास्त अंतर कापल्यावर येतो, म्हणजे जेवण, हवा, पाणी सगळं बरोबर वेळेला. त्याआधी सायकलचं दुकान गृहीत धरू नका. दोन ट्यूब, ठिगळं, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, साखळीची जोडकडी. डांबर मधूनमधून उखडलेलं असतं. दोन इंची टायरला ३५-४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपावर दिसतं) पुरे. रस्त्यावरच्यासारखी टम्म हवा भरली की खडीवर मागचं चाक घसरतं. सामान कॅरिअरवर उंच रचू नका, उतारावर हॅन्डल डुगडुगतं. गडाच्या पायवाटेवर सायकल अजिबात नको, ती अमृतेश्वराच्या देवळापाशी गावातच ठेवा.

मंदआच: गॅसबद्दल आधी वाईट बातमी: रेल्वेत गॅसचा डबा नेता येत नाही, लोकलमध्येसुद्धा. तुमचा बेतच कसाऱ्यापर्यंत लोकलचा आहे. एक तर कोणी गाडीने येणार असेल त्याच्याकडे द्या, नाहीतर शेगडी विसरा आणि घरगुती जेवण घ्या. डबा नेणं जमलंच तर वारा नसताना एक लिटर पाणी उकळायला पंधरा ग्रॅमच्या आसपास लागतो. २३० ग्रॅमचा एक डबा दोघांना दोन दिवस भरपूर. पहाटे पारा एक आकडी उतरू शकतो, तेव्हा निव्वळ ब्यूटेनचा डबा मिणमिणतो. तो कोमट पाण्याच्या ताटलीत ठेवा, ज्योतीजवळ कधीही नको. आणि तंबूच्या आत शेगडी पेटवायची नाही, चहापुरतीही नाही.

पायवाट_७: रेल्वेचं लक्षातच आलं नव्हतं. शेगडी रद्द. गडाची वाट?

कातळ: देवळापासून प्रवरेच्या पात्राकडेने रानात शिरते. पुढे फाटा येतो: सरळ कात्राबाईच्या खिंडीकडे, उजवीकडे रतनगड. इथेच लोक चुकतात. शिड्यांवर एका वेळी एकच माणूस, आणि हात मोकळे. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं ओढतात. गडाची उंची १,२९७ मीटर, गणेश दरवाजातून वर गेल्यावर नेढ्यापर्यंत (कातळातलं आरपार भोक) जाऊन याच वाटेने परत या. त्र्यंबक दरवाजाच्या पायऱ्या मोडक्या आणि उंच आहेत, शिवाय तिथून उतरलात की साम्रदला पोचाल आणि सायकली रतनवाडीत.

मंदआच: अत्तर, डिओ लावून जाऊ नका, आणि कड्याखाली धूर करू नका. आग्या मोहोळ उठलं तर हात झटकू नका. तोंड-मान झाकून, एका जागी न थांबता दूर जा.