शारजाहून घरी पैसे: एक्स्चेंज हाऊसने की यूएसडीटीने? आणि सहकारी बँकेतल्या एफडीचं काय?

लोअरपरळकर
धाकटा भाऊ शारजात नोकरीला आहे. महिन्याला साधारण ३,००० दिरहम एक्स्चेंज हाऊसमार्फत आईच्या खात्यात येतात. आता तो म्हणतोय, तिथे यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं) घेतो, माझ्या क्रिप्टो वॉलेटवर पाठवतो, मी इथे पीटूपीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, विकून रुपये घ्यायचे. भाव जास्त मिळतो आणि दहा मिनिटांत काम होतं म्हणे. शिवाय आईची ८ लाखांची एफडी एका सहकारी बँकेत आहे. त्यावर भावाचा युक्तिवाद असा की बँकाही बुडतात, मग क्रिप्टोलाच नावं का ठेवायची? कृपया आकडे आणि पायऱ्यांसकट सांगा. "जुगार आहे, लांब राहा" एवढंच नको.

ताळेबंद
भाव जास्त मिळतो हे खरं आहे. आधी हिशोबच मांडू.

दिरहम डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे. समजा दिरहमचा बाजारभाव २३ रुपये आहे, एक्स्चेंज हाऊस २२.८५ देतं आणि २० दिरहम फी घेतं. २,९८० गुणिले २२.८५ म्हणजे ६८,०९३ रुपये हातात. बाजारभावाने ६९,००० झाले असते, म्हणजे गेले सुमारे ९०० रुपये. यातली निम्मी रक्कम फीत दिसते, उरलेली निम्मी भावात दडलेली असते. म्हणून एक्स्चेंज हाऊस निवडताना फीची पाटी बघू नका, "३,००० दिले तर खात्यात किती पडतील" एवढंच विचारा.

आता यूएसडीटी. ३.६९ दिरहमने घेतला तर ८१३ नग येतात. पाठवणावळ १ धरू, उरले ८१२. इथे पीटूपीवर समजा ८८ ला गेला, तर ७१,४५६ रुपये. भावाने दिलेली भेट करमुक्त असते, पण विक्रीतल्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस लागतोच. भावाची खरेदी किंमत २३ च्या भावाने वजा करून नफा साधारण २,५४० धरला तर कर ७९०. उरले ७०,६६० च्या आसपास. कागदावर अडीच हजारांचा फायदा आहे.

प्रश्न एवढाच की ज्या डॉलरची किंमत या हिशोबात साडेचौऱ्याऐंशी होते, तो कोणी ८८ ला का घेतो? काही भाग कर आणि टीडीएसच्या कटकटीचा. काही भाग मात्र असा खरेदीदार देतो ज्याच्या खात्यातला पैसा त्याला झटपट देशाबाहेर काढायचा आहे, आणि असा पैसा बऱ्याचदा कोणाच्या तरी फसवणुकीचा असतो. वरचे साडेतीन रुपये तुम्हाला त्या जोखमीबद्दल मिळतात.

आणखी एक. भावाने तिथूनच विकून खरेदीदाराला थेट आईच्या खात्यात रुपये टाकायला सांगितलं, तर परदेशातल्या माणसाच्या वतीने, अधिकृत मार्ग सोडून पैसे स्वीकारल्यासारखं होतं. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या कलम ३ मध्ये हे मना आहे आणि दंड रकमेच्या तिप्पटीपर्यंत जाऊ शकतो. हवाल्याचंही काम नेमकं असंच चालतं.

फोर्टातला_क्लार्क
खातं गोठतं ते कसं, हे लोकांना नीट माहीत नसतं म्हणून लिहितो.

फसलेला माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो. त्याचे पैसे ज्या खात्यात गेले ते पहिला थर, तिथून पुढे गेले ते दुसरा, तिसरा, चौथा. तुम्हाला यूएसडीटीचे पैसे देणारा तिसऱ्या थरात असला तर आईचं खातं चौथ्यात. बँक त्या रकमेवर लिएन लावते (तेवढी रक्कम अडकवून ठेवते), किंवा सरळ अख्ख्या खात्याचं डेबिट बंद करते. दुसरा प्रकार वाईट, कारण मग पेन्शनही आत अडकते आणि ईएमआय, वीजबिलाचे ऑटोपे सगळे बाउन्स होतात.

असं झालं तर शाखेत लेखी अर्ज देऊन तीन गोष्टी मागा: तक्रारीचा पोचपावती क्रमांक, कुठल्या पोलीस ठाण्याचा आदेश, आणि नेमकी किती रक्कम वादात. मग तपास अधिकाऱ्याला ईमेल: ऑर्डरचा तपशील, चॅट, त्या दिवसाचं स्टेटमेंट, केवायसी. विनंती अशी करायची की लिएन वादातल्या रकमेपुरतं ठेवा, बाकी खातं मोकळं करा. तक्रार हैदराबादची असेल तर बीकेसीच्या सायबर ठाण्यात खेटे घालून काही होत नाही, आदेश जिथून आला तिथूनच सुटतो.

एफआययूकडे (केंद्राच्या वित्तीय गुप्तचर शाखेकडे) नोंदलेल्या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजवर विकलं तर पैसे कंपनीच्या खात्यातून येतात, गोठण्याचा धोका बराच कमी होतो. पण मग १ टक्का टीडीएस आधी कापला जातो (रिटर्नमध्ये व्हीडीए, म्हणजे क्रिप्टोसारख्या मालमत्तेचं, शेड्यूल भरून तो वळता करता येतो), आणि ८८ चा भावही बहुधा मिळत नाही.

लोअरपरळकर
बापरे. मग विकलंच नाही तर? वॉलेटमध्येच बचत म्हणून राहू दिलं तर?

बिटकुळी
मी क्रिप्टोच्या बाजूचा माणूस आहे, तरी आईच्या बचतीसाठी नाहीच सांगणार.

पहिला फरक: बिटकॉइन आणि यूएसडीटी एक नव्हे. बिटकॉइन कोणी गोठवू शकत नाही, २ कोटी १० लाखांच्या वर नाणी निघणार नाहीत, पण भाव वर्षात अर्धा होऊ शकतो. यूएसडीटीचा भाव स्थिर, कारण मागे एक कंपनी आहे, आणि ती कंपनी तुमचा पत्ता गोठवू शकते. अनेकांचे गोठवलेत. म्हणजे "बँकेवर विश्वास नको" म्हणून निघालात आणि दुसऱ्या कंपनीवर विश्वास ठेवून बसलात. इथे तर तक्रार ऐकायला बँकांसारखा लोकपालही नाही.

दुसरं, हाताळणी. पैसे इथेच जास्त बुडतात.

यूएसडीटी वेगवेगळ्या नेटवर्कवरून जातो. टीआरसी-२० (ट्रॉन नेटवर्क) चा पत्ता 'टी'पासून सुरू होतो, इआरसी-२० आणि बीईपी-२० चे दोन्ही 'शून्य-एक्स'ने. हे शेवटचे दोन दिसायला सारखेच, त्यामुळे चुकीचं नेटवर्क निवडलं तरी ॲप हूं की चूं करत नाही. आपलंच वॉलेट असेल तर निघतात, समोर एक्स्चेंजचा पत्ता असेल तर त्यांच्या मर्जीवर. ट्रॉनवर यूएसडीटी हलवायला खात्यात फीसाठी थोडं टीआरएक्स (ट्रॉनचं स्वतःचं नाणं) लागतं. ते नसेल तर ८१२ नुसते दिसतात, जात कुठेच नाहीत. जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता कधीही कॉपी करू नका: भामटे पहिली-शेवटची चार अक्षरं जुळणाऱ्या पत्त्यावरून शून्य रकमेचा व्यवहार टाकून ठेवतात, आणि घाईत तोच उचलला जातो. मधली सहा-आठ अक्षरंही ताडून बघा. आधी ५ पाठवा, पोचले की बाकीचे.

१२ किंवा २४ शब्दांचं सीड (वॉलेटची किल्ली) कागदावर, दोन प्रती, दोन ठिकाणी. फोटो नाही, गूगल ड्राइव्ह नाही. आईला हे जमेल का, आणि तुम्हाला काही झालं तर वारसाला ते शब्द सापडतील का, हा विचार करा. बँकेत नॉमिनी असतो, इथे शब्द गेले की विषय संपला.

क्रिप्टो एक्स्चेंजवर ठेवणं सोपं, पण १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले. वॉलेट एकापेक्षा जास्त सह्यांचं होतं, तरीही. कंपनीच्या म्हणण्यानुसार पडद्यावर दिसलं एक आणि सही झाली दुसऱ्यावर. ज्यांचं नाणं चोरीला गेलंच नव्हतं त्यांच्याही वाट्याला तोटा आला, प्रकरण सिंगापूरच्या कोर्टात गेलं आणि पैसे वर्षाहून जास्त अडकले.

ज्या देशात चलनच वितळतंय किंवा बँका स्वतःचे पैसे काढू देत नाहीत, तिथे यूएसडीटी खरंच कामाचा आहे. मुंबईत रात्री दोनला यूपीआयने फुकट पैसे जातात, इथे ती पोकळीच नाही.

ताळेबंद
आता एफडी. "बँकाही बुडतात" यात तथ्य आहे, मुंबईकरांना ते सांगायला नको. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हवर १३ फेब्रुवारी २०२५ ला.

पण दोन्हींच्या मध्ये नियम बदलले. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विमा १ लाखावरून ५ लाख झाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली: बँकेने ४५ दिवसांत यादी द्यायची, डीआयसीजीसीने (ठेव विमा महामंडळाने) ३० दिवसांत तपासायची, पुढच्या १५ दिवसांत पैसे. विम्याचा हप्ता बँक भरते. क्रिप्टोत याला समांतर असं काहीच नाही.

मर्यादा लक्षात घ्या. ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतं, आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखा एकत्र मोजल्या जातात. परळची एफडी आणि दादरचं बचत खातं वेगळं धरत नाहीत. म्हणजे आईचे ३ लाख आणि वरचं व्याज आज उघड्यावर आहे. दोन बँकांत ४-४ लाख ठेवा. मुदतीआधी मोडायचा दंड किती हे पावतीच्या मागे बघा, मुदत जवळ असेल तर थांबून वळवा. आणि पतसंस्थेत जास्त व्याज मिळतं म्हणून तिकडे नेऊ नका, पतसंस्थेला डीआयसीजीसीचा विमा लागू नाही. बोर्डावर 'को-ऑप. क्रेडिट सोसायटी' आहे की 'बँक', एवढं वाचलंत तरी पुरे.

लोअरपरळकर
आईबरोबर माझं नाव जॉइंट लावलं तर विमा वाढतो का? आणि भावाने नेमकं काय करावं?

फोर्टातला_क्लार्क
वाढतो. आईचं एकटीचं खातं एक, आई-तुम्ही जॉइंट दुसरं, आणि नावांचा क्रम उलटा केला तर तिसरं. प्रत्येकाला ५ लाखांची वेगळी मर्यादा.

भावाने एनआरई खातं (अनिवासी भारतीयांचं, परदेशातल्या कमाईसाठीचं) उघडावं. त्यात मुख्यतः परदेशातून बँकेच्या मार्गाने आलेले पैसे चालतात, व्याज इथे करमुक्त, आणि हवे तेव्हा परत नेता येतात. त्याचं इथलं जुनं बचत खातं अजून तसंच असेल तर ते एनआरओ (अनिवासींचं, इथल्या पैशांसाठीचं) करून घ्यायला सांगा, पुष्कळजण हे विसरतात. घरखर्चाचे थेट आईच्या खात्यात पाठवले तरी हरकत नाही, फॉर्मवर कारण 'कुटुंबाचा चरितार्थ' असं टाकावं, कोड पी-१३०१. दर वेळी पाठवण्याआधी दोन-तीन एक्स्चेंज हाऊसना एकाच तासात भाव विचारायचा, आणि दर महिन्याऐवजी दोन महिन्यांचे एकदम पाठवले तर २० दिरहमची फी एकदाच लागते.