मदत हवी आहे : अजिंठा लेणी क्र. २६, महापरिनिर्वाण मूर्तीचा अखंड फोटो (फ्लॅश नाही, ट्रायपॉड नाही)

जय भीम मंडळी. जळगावहून लिहितोय. फोटोग्राफीतलं मला काही कळत नाही. मोबाइलवर केळीच्या बागेचे नि पोराच्या वाढदिवसाचे फोटो काढतो, तेवढंच. पण आता गळ्याशी आलंय.

आमच्या विहारात वर्षावासाचं (पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचं) वाचन चालू आहे, आश्विन पौर्णिमेला समारोप. त्या दिवशी मागच्या भिंतीवर अजिंठ्याच्या महापरिनिर्वाणाचा, म्हणजे अंतकाळी कुशीवर पहुडलेल्या बुद्धांचा, सहा फुटी फोटो लावायचा, असं आईने सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. नेटवरचा उचललेला नको, आपण जाऊन काढलेला पाहिजे. काढणारा अर्थातच मी.

मागच्या रविवारी गेलो. फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी लावली, पुढे त्यांची बस. आईचे गुडघे धरलेले आणि २६ नंबर पार टोकाला, त्यामुळे बसत-उठत पोचलो.

आत गेल्यावर घोळ कळला. मूर्ती सातेक मीटर लांब, पण ती आहे डाव्या हाताच्या बोळात, भिंतीवर. समोर खांबांची रांग. मागे सरकलो की पाठ खांबाला टेकते. खांबांपलीकडून काढला तर प्रत्येक फोटोत एक खांब भगवंतांच्या अंगावर. वाइड लेन्सने चेहरा ताणल्यासारखा आला. पॅनोरमा केला तर सगळा मंचक केळ्यासारखा वाकला. आईने तो पाहिला आणि "हा कोणाला दाखवू नको" एवढंच बोलली.

पिशवीतून वीतभर ट्रायपॉड काढला तर रखवालदार धावत आला, परवानगी दाखवा म्हणे. त्याचं बरोबरच आहे. गंमत म्हणजे मंचकापुढे दगडातच तीन पायांची तिवई कोरली आहे, तिच्यावर पाण्याचं भांडं. आत चालणारा ट्रायपॉड तेवढाच!

आईच्या अटी : डोक्यापासून पायापर्यंत मूर्ती पूर्ण हवी. खाली शोक करणारे भिक्खू कापायचे नाहीत, वरचे गंधर्वही नाही. पायाशी हनुवटीला हात लावून बसलेला बुद्धांचा शिष्य आनंद तर हवाच हवा. त्याच्यासमोर ती बराच वेळ उभी होती, मी हाक मारली तरी हलली नाही.

सहा फुटी प्रिंट निघेल असा फोटो मोबाइलवर जमेल का? आणि डिसेंबरात आईला बोधगया-कुशीनगरला न्यायचंय, तिथे फोटोचं कसं असतं?

भरीतपार्टी : जमेल भो. पॅनोरमा वाकतो कारण तू एका जागी उभा राहून फोन फिरवतोस. स्वतः सरक. बोळात पायापासून डोक्याकडे चालत जा, भिंतीपासूनचं अंतर सारखं ठेव, फोन उभा धर आणि दर तीनेक फुटांवर एक फोटो घे. प्रत्येकात आधीच्याचा निम्मा भाग आला पाहिजे. सात-आठ होतील. वरचे गंधर्व बसले नाहीत तर फोन वाकवू नकोस, हात वर करून तशीच दुसरी ओळ घे. पहिल्या फोटोआधी स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक कर, नाहीतर एक उजळ, एक काळपट येईल. घरी कॉम्प्युटरवर ह्युगिन नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोड, फुकट आहे.

प्रिंटचा हिशेब : १२ मेगापिक्सेलचा एक आडवा फोटो ४००० पिक्सेल रुंद. सहा फूट म्हणजे ७२ इंच, इंचाला ५५ पिक्सेल. दुकानदार घेईल छापून, पण जवळून पाहिलं की फाटलेला दिसेल. सात उभे जोडलेस तर १२००० च्या आसपास जातो, इंचाला १६५ पडतात. भिंतीवर छान दिसेल.

सातमाळा : वरचं बरोबर, दोन गोष्टी जोडतो. हात हलतो म्हणून कोणी खांबाला टेकू नका. कोपरं पोटाशी घट्ट धरा, दोन सेकंदांचा टायमर लावा, श्वास सोडून थांबा. नाइट मोड असेल तर तेवढा वेळ पुतळा व्हायचं.

फ्लॅश नाही म्हणून हळहळू नका. बंदी मुख्यतः चित्रांसाठी आहे, पण दगडालाही समोरचा झोत मारतोच, मूर्ती पापडासारखी सपाट येते. लेणे १ मधल्या बुद्धमूर्तीवर पूर्वी गाइड बाजूबाजूने उजेड टाकून चेहऱ्यावरचे भाव बदलताना दाखवायचे, ते आठवा. बाजूने येतो तो उजेड चांगला.

रविवार सोडा, सोमवारी लेणी बंद. मधल्या वारी सकाळी नऊला दार उघडलं की आधी थेट २६ गाठा, बाकीची परतताना पाहा. आईंसाठी डोली मिळते, लाजू नका.

अंधाराशी झगडणारे तुम्ही पहिले नाही. ज्याची कबर भुसावळला आहे तो इंग्रज अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल इथल्या चित्रांच्या नकला वर्षानुवर्षं करत बसला, त्यातल्या बऱ्याच १८६६ ला लंडनमधल्या आगीत जळाल्या. पुढे त्यानेही कॅमेरा धरलाच होता.

बोधगयेत महाबोधी मंदिरात मोबाइल नेता येत नाही, बाहेर जमा करावा लागतो. साधा कॅमेरा शुल्क भरून नेता येतो. कुशीनगरची मूर्ती सहा मीटरच्या पुढे, पण चीवर पांघरलेली असते आणि लोक वंदना करत असतात. आधी स्वतः वंदना करा, मग एका बाजूने दोन फोटो घ्या. मूर्तीकडे पाठ करून सेल्फी कुठेच नको. श्रीलंकेत तर मूर्तीचा अवमान झाला म्हणून परदेशी पर्यटकांना शिक्षा झाल्यात.

धागाकर्ता : दोघांचे आभार. काल घरात पलंगाच्या कडेने फोन उभा धरून सराव केला, पलंगावर आई आडवी. आठ फोटो जोडले तर आई सरळ आली, फक्त मधे हलली म्हणून तिला तीन हात आहेत. बुधवारी जातोय. भरीतपार्टी भाऊ, जोडताना अडलो तर इथेच विचारतो.