भाड्याच्या घरातलं डिस्पोजल नुसतं घुंई करतंय, फिरत नाही. काय करू?

चिंचगूळ:
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत एडिसनला येऊन आम्हाला चार महिने झाले. अपार्टमेंट जुनं आहे, सिंकखाली गार्बेज डिस्पोजल (खरकटं बारीक करून पाण्याबरोबर पाइपात सोडणारं यंत्र) आहे. परवापर्यंत ते कुरकुरत का होईना चालत होतं. काल भांडी घासून झाल्यावर बटण दाबलं तर नुसतं घुंईंईं. आत काही फिरत नाही. सिंक तुंबलंय आणि वासाने ओट्यापाशी उभं राहवत नाही.

सध्या सासूबाई सांगलीहून आल्यात. त्यांना या यंत्राचं भारी कौतुक. "ही तर गिरणीच की गं!" आणि गिरणी म्हटल्यावर दळण पडणारच. रविवारी शेवग्याच्या शेंगांची आमटी होती, एवढंच सांगते.

अपार्टमेंटच्या ऑफिसला कळवलं तर तुम्हीच बिघडवलंत म्हणून डिपॉझिटमधून कापतील का? आधी घरी काही करून बघू? ड्रेन क्लीनरची बाटली आणलीये, ओतू का?

खटपट्या:
ती बाटली आधी बाजूला ठेवा. तुंबलेल्या पाण्यात ते रसायन तसंच साचून राहतं आणि नंतर ज्याचा हात आत जाईल त्याला भाजतं. तो हात बहुधा मेंटेनन्सवाल्याचा असेल.

घुंई आवाज येतोय ही त्यातल्या त्यात बरी खूण. मोटरपर्यंत वीज पोचतेय, फक्त आतली फिरणारी तबकडी अडकलीय. पण बटण चालू ठेवून 'सुटेल, सुटेल' म्हणत बसू नका, मोटर तापून जळते. बटण बंद करा, सिंकखालचा प्लगही काढा (थेट वायरिंग असेल तर ब्रेकर पाडा). पाणी मगाने उपसून टाका. मग खाली वाकून डिस्पोजलच्या बुडाशी बघा, बरोबर मध्यभागी षटकोनी भोक दिसेल. त्यात पाव इंची ॲलन की (षटकोनी टोकाची वाकडी चावी) बसते. कधीकधी ती सिंकखाली पिशवीत लटकवलेली असते, नाहीतर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. ती घालून थोडं इकडे, थोडं तिकडे असं फिरवा. सुरुवातीला घट्ट लागेल, मग एकदम सैल होईल. वरून टॉर्च मारून जे दिसेल ते चिमट्याने काढा. प्लग काढलेला असला तरी हात घालू नका.

मग प्लग लावा, बुडाशीच एक लाल बटण असतं ते दाबा, गार पाणी सोडा आणि चालू करा. लाल बटण आत जात नसेल तर मोटर अजून गरम आहे, दहा मिनिटांनी परत बघा.

जर्सीकर:
खटपट्या म्हणतात ते बरोबर, पण हात लावायच्या आधी फोटो काढा आणि ऑफिसला लेखी कळवा. फोनवर नको, पोर्टलवर किंवा ईमेलने. "अमुक तारखेपासून डिस्पोजल फिरत नाही, पाणी तुंबलंय", बस्स. शेवग्याची कथा तिथे सांगायची गरज नाही.

राहायला आलात तेव्हा घराच्या स्थितीचा कागद भरून दिला असेल, तो शोधा. आवाज तेव्हापासूनच खराब होता असं त्यात लिहिलं असेल तर सोन्याहून पिवळं. मशीन जुनं होऊन मेलं तर ते मालकाचं. आत चमचा सापडला तर मात्र ते तुमच्याकडे बोट दाखवणार. आपल्या राज्यात डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि घर सोडल्यावर ३० दिवसांत कापलेल्या रकमेचा तपशील देऊन उरलेलं परत करावं लागतं. तेव्हा घाबरून स्वतःच्या खिशातून नवीन मशीन बसवू नका. आमच्या ओळखीत एकाने बसवलं, ते गळलं, खालच्या घराचं छत ओलं झालं. पुढचं विचारू नका.

तूपभात:
चिंचगूळताई, सासूबाईंना दोष नको हो, मीही पहिल्या वर्षी हेच केलं. याला गिरणी समजू नका, किसणी समजा. आत मिक्सरसारखी पाती नसतातच. तबकडीवर दोन धातूचे तुकडे सैल बसवलेले असतात, ते खरकटं कडेच्या दातेरी कड्यावर भिरकावतात आणि तिथे ते किसलं जातं. शेवग्याचे चोथे, कोथिंबिरीचे देठ, कणसाची सालं, केळ्याचं साल, कांद्याचा पापुद्रा हे किसलं न जाता गुंडाळलं जातं.

पण माझ्या मते आपल्या घरांतला खरा शत्रू धागा नव्हे, पिठूळ पदार्थ. भात, कणकेचे गोळे, बटाट्याची सालं. भात किसला जातो छान, पण पुढे पाइपच्या वळणात बसून फुगतो आणि त्याची खळ होते. वर तूप-तेल थिजलं की झालंच. एकदा श्रावणात उरलेली साबुदाण्याची खिचडी मी यात सोडली होती. दुसऱ्या दिवशी प्लंबरने पाइप उघडला तर आतून पांढरी वडीच निघाली.

आता ताटं आधी कचऱ्यात निपटून काढते आणि सिंकमध्ये जाळी ठेवते. जाळीतून निसटेल तेवढंच डिस्पोजलला. आधी गार पाणी, मग बटण, आणि आवाज मोकळा झाल्यावरही पंधरा-वीस सेकंद पाणी चालू. गरम पाणी नको, तूप वितळून पुढे जातं आणि पाइपात परत गोठतं.

वासाचं म्हणाल तर तोंडावरचं काळं रबर उलटून खालची बाजू बघा (प्लग काढून!). तिथे काळपट बुळबुळीत थर असतो. जुना टूथब्रश आणि भांड्यांचा साबण, दुसरं काही लागत नाही. लिंबाची सालं टाकली तर तासभर लिंबाचा वास येतो, मग पुन्हा तोच.

रिकामटेकडा:
बर्फ आणि जाडं मीठ टाकून फिरवलं की आतली बाजू घासली जाते, मी करतो. "बर्फाने पाती धारदार होतात" ही मात्र थाप, पातीच नाहीत तर धार कसली.

अवांतर: न्यू यॉर्क शहराच्या बऱ्याच भागात घरी डिस्पोजल लावायला १९९७ पर्यंत बंदीच होती, जुन्या गटारांना झेपणार नाही म्हणून. आमचे काका क्वीन्सला राहतात, अजून त्यांच्याकडे नाही आणि त्यांचं काही अडत नाही.

बेएरियावाली:
आमच्याकडे कॅलिफोर्नियात २०२२ पासून ओला कचरा वेगळा द्यायचा कायदा आहे. सगळं हिरव्या डब्यात जातं, डिस्पोजल महिनाभर चालू केलं नाही तर गंजून अडकलं :( त्यामुळे वापर नसला तरी आठवड्यातून एकदा पाणी सोडून फिरवा.

आणि भाड्याचं स्वतंत्र घर असेल तर सेप्टिक टँक आहे का ते मालकाला आधी विचारा. असेल तर यात काही न टाकलेलंच बरं.

चिंचगूळ:
सगळ्यांचे आभार! पोर्टलवर तक्रार टाकली, फोटो काढले, मग नवऱ्याने ॲलन की आणून फिरवली. शेवग्याच्या चोथ्याचा मुठीएवढा गोळा निघाला, आणि त्यात गुंडाळलेला मिसळणाच्या डब्यातला छोटा चमचा! पंधरा दिवस शोधत होतो. आता चालतंय, फक्त जरा खडखडतंय. ऑफिसने गुरुवारी माणूस पाठवतो म्हटलंय. चमचा त्याला दाखवू का?

जर्सीकर:
विचारलं तर खोटं बोलू नका, नाही विचारलं तर चहा द्या.

खटपट्या:
त्याने नवीन मशीन बसवलंच तर जायच्या आधी डिशवॉशर एकदा चालवून बघायला सांगा. नव्या डिस्पोजलला डिशवॉशरच्या नळीच्या तोंडाशी आतून प्लास्टिकचं बूच असतं, ते ठोकून काढायला विसरतात. मग डिशवॉशरचं पाणी बाहेर पडायला जागाच राहत नाही.

चिंचगूळ:
हे लिहून ठेवलं. चमचा उकळत्या पाण्यात तीनदा घातला, तरी सासूबाई तो मिसळणाच्या डब्यात परत ठेवू देत नाहीयेत. सध्या बेकिंग सोड्याच्या डब्यात आहे.