मदत हवी आहे : ऊसतोडीला गेलेल्या मैत्रिणींच्या वह्यांसाठी

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या एका कन्या शाळेत शिकवते. दिवाळी झाली की आमच्या कितीतरी मुली आई-वडिलांबरोबर कारखान्यावर जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच परततात.

यंदा आठवीच्या मुलींनी आपणहून एक काम सुरू केलंय. गेलेल्या प्रत्येकीची वही मागे राहिलेली एक मैत्रीण लिहून ठेवते. गणितं सगळ्या पायऱ्यांसकट, विज्ञानाच्या आकृत्या पेन्सिलीने, आणि समासात 'हे बाईंनी दोनदा सांगितलंय, नीट वाच' असंही. बघून ऊर भरून येतो.

अडचण अशी की लिहिणाऱ्या त्याच त्या हुशार मुली. ज्यांचं अक्षर बरं नाही, वाचन कच्चं आहे, त्या मागेच राहतात. वह्यांना कव्हरं घालायला लावून त्यांची बोळवण करावी, हे मला पटत नाही. मीना राजू मंचातून (मुलींच्या शिक्षणासाठी शाळेत चालणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटातून) कुणी अशी कामं सगळ्यांना वाटून दिली आहेत का? कशी?

दुसरं, शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतर केलेल्या मुलांना तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं कार्ड, दिलं तरी मुली तिथे शाळेत जातातच असं नाही. बऱ्याचजणी कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर, धाकटी भावंडं सांभाळतात. वह्यांचे फोटो पाठवावेत तर वडिलांचा फोन रात्रीच हाती येतो, तोही चार्जिंग असलं तर. सांगली, कोल्हापूर, बेळगाव भागातल्या कुणा शिक्षकांना फडापर्यंत वह्या पोचवता येतील का? येत असतील तर कृपया कळवा, गठ्ठा एसटीने पाठवायची सोय मी करते.