म्युनिकच्या बिअर गार्डनमध्ये घरचा डबा खरोखर चालतो का?

प्रश्न

जुलैमध्ये आई-बाबा आमच्याकडे म्युनिकला येणार आहेत. एखाद्या रविवारची दुपार त्यांच्यासोबत बिअर गार्डनमध्ये घालवावी असे मनात आहे. परंतु दोघेही शाकाहारी असून मद्य घेत नाहीत, त्यामुळे तिथे त्यांना अवघडल्यासारखे होईल अशी शंका वाटते. घरचे खाणे सोबत नेता येते असे सहकारी सांगतात. दुसऱ्याच्या आवारात बसून आपला डबा उघडायचा, हे मला अजून पटत नाही. नेमकी रीत काय आहे?

पहिले उत्तर

सहकाऱ्यांनी सांगितले ते अगदी खरे आहे. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियाच्या 1999 च्या बिअर गार्डन नियमावलीत पारंपरिक बिअर गार्डनची जी ओळख सांगितली आहे, तिच्यात बागेचे स्वरूप आणि स्वतः आणलेले खाणे तिथे बसून खाण्याची मुभा या दोन्ही गोष्टी येतात. पेय मात्र तिथलेच घ्यावे लागते. बसण्यापूर्वी टेबलाकडे नीट पाहा. कापड अंथरलेले असेल तर तिथे वाढपी येतात आणि तिथे डबा उघडणे योग्य नाही. उघड्या लाकडी टेबलांवर मात्र खुशाल उघडा. आई-बाबांसाठी सफरचंदाचा रस आणि सोडा यांचे आप्फेलशोर्ले मिळते व ते उन्हात फार बरे वाटते. बाकांना पाठ नसते, म्हणून एखादी उशी जवळ ठेवा.

दुसरे उत्तर

ही मुभा कुठून आली हे कळले की संकोच उरणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. 1539 च्या नियमानुसार बव्हेरियात 29 सप्टेंबर ते 23 एप्रिल एवढ्याच काळात बिअर बनवता येत असे, कारण उन्हाळ्यात भट्ट्यांमुळे आगी लागण्याची भीती असे. उन्हाळ्यापुरता साठा थंड राहावा म्हणून बिअर बनवणाऱ्यांनी तळघरे खोदली, वर खडी पसरली आणि चेस्टनटची झाडे लावली. या झाडाची पाने रुंद, सावली दाट आणि मुळे उथळ असल्याने तळघराच्या छताला धोका नव्हता. त्या सावलीत लोक बसू लागले, तशी शहरातल्या खानावळवाल्यांची तक्रार आली. तेव्हा राजा माक्सिमिलियन पहिला याने 1812 मध्ये असा तोडगा काढला की तळघरांवर जून ते सप्टेंबर बिअर आणि पाव द्यावा, इतर अन्न देऊ नये. साहजिकच लोक खाणे घरून आणू लागले. तुमचा डबा म्हणजे तिथल्या लोकांनी दोनशे वर्षे जपलेला हक्कच आहे, आणि मला स्वतःला बिअरपेक्षा त्याचेच मोल अधिक वाटते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आता कुठे जावे हेही सुचवाल का? आणि टेबल रिकामे नसेल तर काय करायचे?

पहिले उत्तर देणारे

चायनीज टॉवरजवळच्या बागेत बँड वाजतो, पण गर्दीही तशीच असते. वडीलधाऱ्यांसोबत मी हिर्शगार्टनला जाईन. तिथे सुमारे 8,000 जणांची बसण्याची सोय आहे आणि शेजारच्या कुंपणाआड हरणे चरताना दिसतात. काचेचा एक लिटरचा मग रॅकवरून स्वतः उचलायचा, पाण्याच्या हौदावर विसळायचा आणि मग भरून घ्यायला जायचे, ही तिथली पद्धत आहे. खाण्यात चक्राकार कापलेला पांढरा मुळा अवश्य घ्या. मीठ लावल्यावर थोड्या वेळाने त्याला पाणी सुटते आणि तिखटपणा उतरतो. घाई केली तर नाकाला झोंबतो. सोबत ब्रेत्सन, म्हणजे गाठीच्या आकाराचा खारा पाव, आणि चीज, लोणी, कांदा, पाप्रिका (लाल मिरचीची पूड) कालवून केलेला ओबात्स्दा घेतला की शाकाहारी माणसाचे पोट व्यवस्थित भरते.

पूर्ण रिकामे टेबल शोधत फिरू नका. जिथे दोन-तीन जागा दिसतील तिथे ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’, म्हणजे ‘ही जागा मोकळी आहे का?’, असे विचारायचे. लोक सरकून जागा करून देतात. फक्त ‘श्टामटिश’ अशी पाटी असलेले टेबल सोडा, ते नेहमीच्या मंडळींसाठी राखलेले असते.